हैतीच्या पटकीचे दायित्व कोणाचे?

पटकी वाऱ्यावरून येत नाही, ग्रहयोगाने येत नाही आणि मरीआईच्या कोपानेही येत नाही. माणसाच्या विष्ठेतून ती पाण्यात उतरते आणि पाण्यातून दुसऱ्या माणसाच्या पोटात शिरते. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या साहाय्याने डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली ही गोष्ट जगाला दाखवून दिली. १८८४ साली कलकत्त्यात डॉ. रॉबर्ट कॉख यांनी त्या जंतूची ओळख पटविली आणि त्याच कलकत्त्यात १९५९ साली डॉ. शंभुनाथ डे यांनी त्याचे विष आतड्यात कसे काम करते हे सिद्ध केले. म्हणजे या रोगाविषयी जाणून घेण्यासारखे जे मुख्य होते ते जाणून घेऊन अनेक दशके लोटली आहेत. असे असता एकविसाव्या शतकात एका स्वतंत्र राष्ट्रातील सुमारे दहा हजार माणसे या रोगाने मरावीत, आणि ज्यांच्या छावणीतून रोग आला त्यांनी 'आम्हास न्यायालयात खेचता येणार नाही' असे उत्तर द्यावे, याला काय म्हणावे?

हे राष्ट्र हैती. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने त्याची राजधानी जमीनदोस्त झाली. परंतु पटकी भूकंपाने आणली नाही. निदान शंभर वर्षे त्या देशात पटकीची नोंद नव्हती. ती ऑक्टोबर २०१० मध्ये प्रकट झाली, आणि तीही उद्ध्वस्त राजधानीत नव्हे, तर आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात. या नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी, मिरेबाले गावाजवळ, संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेची छावणी होती. तेथे नेपाळहून नवी तुकडी नुकतीच दाखल झाली होती आणि नेपाळात त्या सुमारास पटकी होती. छावणीतील मैल्याची व्यवस्था दूषण टाळण्यास पुरेशी नव्हती, हे राष्ट्रसंघानेच नेमलेल्या तज्ज्ञांनी मे २०११ च्या अहवालात नमूद केले. त्याच वर्षी झालेल्या जनुकीय तपासणीत हैतीचा जंतू आणि नेपाळचा जंतू जवळजवळ एकच असल्याचे दिसून आले. ज्या नदीवर लोक पितात, धुतात, भात पिकवितात, तिच्यातून रोग अल्पावधीत देशभर गेला. २०१९ पर्यंत बाधितांची संख्या आठ लाखांवर पोहोचली.

यात त्या नेपाळी शिपायांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. गरीब देशाची ही पोरे पोटासाठी आणि हुकमासाठी समुद्रापार गेली होती. त्यांची तपासणी करणे आणि त्यांच्या शौचकूपांची नीट व्यवस्था लावणे हे ज्यांचे काम होते, प्रश्न त्यांना आहे.

नोव्हेंबर २०११ मध्ये सुमारे पाच हजार पीडितांनी राष्ट्रसंघाकडे भरपाईची मागणी केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती 'स्वीकारार्ह नाही' म्हणून परत पाठविण्यात आली. मग न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा गेला. तोही विशेषाधिकाराच्या भिंतीवर आपटला. विशेषाधिकार असूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक सरकारला शांतिसैनिकांना कोर्टात ओढता आले तर शांतिसेना कोठेही पाय ठेवू शकणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या १९४६ च्या करारान्वये हे अभय मिळते, त्याच कराराचे एकोणतिसावे कलम सांगते की खाजगी स्वरूपाच्या तक्रारी सोडविण्याची योग्य सोय संघाने स्वतः करावी. म्हणजे अभय हवे आणि त्याच्या गळ्यात बांधलेले कर्तव्य मात्र नको, असा हा व्यवहार झाला.

येथे थोडा इतिहास आठवावा लागतो. १८६५ साली मक्केच्या यात्रेत पटकी उसळली आणि पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे राष्ट्रांची आरोग्यपरिषद भरली. रोगाचे उगमस्थान हिंदुस्थान आणि त्याचे वाहन यात्रेकरू, असा निर्वाळा तेथे देण्यात आला. पुढे तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर हाजींना क्वारंटीनमध्ये अडकवून ठेवले जाऊ लागले. पंढरपूरच्या यात्रेकडेही त्या काळचे गोरे आरोग्याधिकारी याच संशयाने पाहत. गरिबाने रोग वाहिला तर त्याला अडवा, बेटावर ठेवा. बलिष्ठाच्या छावणीतून तो वाहिला तर 'अनेक परिस्थितींचा संयोग' म्हणा! हा शेवटचा शब्दप्रयोग आमचा नव्हे. २०११ च्या त्या अहवालाचा निष्कर्ष याच आशयाचा होता. त्याच तज्ज्ञांनी २०१३ मध्ये रोगाचा उगम बहुधा छावणीतच असल्याचे सांगितले, हेही नमूद केले पाहिजे.

पटकी आटोक्यात आणण्यास काही अद्भुत लागत नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनवीस यांच्याजवळच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रोग्यांना पाजण्याचा आदेश दिला. तीस टक्क्यांच्या आसपासचे मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली उतरले. तोंडाने देण्याची लसही आहे. २०१२ साली हैतीत ती प्रथम वापरली गेली, तेव्हा वापरलेली लस हैदराबादच्या कारखान्यात तयार झाली होती. पण मीठ-साखरेचे पाणी रोग्याला वाचविते, गावाला नव्हे. गावाला नळ लागतो, गटार लागते, आणि या दोहोंना पैसा लागतो.

तो पैसा कोठे आहे? डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. पण पटकीच्या बाबतीत आम्ही पुरेसे केले नाही, एवढ्यापुरतीच. रोग आम्ही आणला, हे शब्द त्यात नव्हते. चाळीस कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, ती सभासद राष्ट्रांच्या स्वेच्छेवर सोडण्यात आली, आणि स्वेच्छेने जमा झाला तो त्याचा अगदी थोडा अंश. तीन वर्षांहून अधिक काळ रुग्णरहित राहिलेल्या हैतीत ऑक्टोबर २०२२ मध्ये पटकी परत आली. सशस्त्र टोळ्यांनी इंधन अडविले होते आणि पिण्याचे पाणी मिळणे दुरापास्त झाले होते. त्याच महिन्यात जगभरच्या लसटंचाईमुळे दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा निर्णय झाला.

शांतिसेनेसाठी हैतीशी २००४ साली जो करार झाला, त्यात नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक स्थायी दावे-आयोग नेमण्याची तरतूद होती. ती शांतिसेना ऑक्टोबर २०१७ मध्ये हैतीतून निघून गेली. आयोग तोवर नेमलाच गेला नव्हता.