दुखणं मोजायचं कुणाच्या मापाने?

मंडळी, आज जरा रुक्ष विषय. टाचेच्या मागे जाड शीर असते ना, डॉक्टर जिला अकिलिस टेंडन म्हणतात (मराठीत कंडरा, पण हा शब्द मी पुस्तकाबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही), ती माझी गेलं वर्षभर दुखते आहे. त्यामुळे यावरचे शोधनिबंध वाचायचा नाद लागला. घरचे ऐकून कंटाळले, आता तुमची पाळी!

वाचताना पहिल्यांदा जाणवलं ते हे की, कुणाचं कुणाशी जुळत नाही. एका गटाने व्यायाम देऊन सकाळचा ताठरपणा मोजला, दुसऱ्याने इंजेक्शन देऊन सोनोग्राफीत शिरेची जाडी मोजली, तिसऱ्याने पेशंट पुन्हा पळायला लागला का, एवढंच पाहिलं. मग व्यायाम बरा की इंजेक्शन? कसं सांगणार? पूर्वी मुलखामुलखाचा शेर वेगळा असायचा, त्यातली गत. तिथे निदान १९५६ च्या कायद्याने किलो-ग्रॅम आले.

संधिवातवाल्यांनी हे काम फार आधी हातात घेतलं. १९९२ साली मास्ट्रिक्टला ओमेरॅक्ट नावाची परिषद भरवून, औषधाच्या चाचणीत काय काय मोजायचं यावर एकमत करायला सुरुवात केली. टेंडनवाले यासाठी बसले २०१८ मध्ये, तेही नेदरलँड्समध्येच, ग्रोनिंगनला. आधी २८ तज्ज्ञ आणि ३२ पेशंट यांची मतं मागवली. मुद्दे होते २४. ७० टक्के सहमती असेल तरच मुद्दा पक्का. शेवटी नऊ ठरले. पेशंटला स्वतःला एकूण कसं वाटतं, रोजच्या कामात आणि खेळात किती भाग घेता येतो, भार दिला की किती दुखतं, मनाची अवस्था, वगैरे. मला सगळ्यात काय आवडलं असेल, तर डॉक्टरांनी अंगठ्याने दाबून बघणं या यादीत नाही! दाबल्यावर मी किती जोरात ओरडतो, यापेक्षा माझं जगणं कसं चाललंय याला किंमत आली.

पण प्रत्यक्ष बैठकीला हजर होते १५ तज्ज्ञ आणि पेशंट फक्त दोन.

यात काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. तर व्हिसा-ए नावाची प्रश्नावली बघा. ऑस्ट्रेलियातली, २००१ ची, अकिलिसच्या अभ्यासात सर्रास वापरली जाते. तिच्या १०० गुणांपैकी ४० खेळाशी आणि व्यायामाशी निगडित आहेत. शिवाय एका पायावर न दुखता किती उड्या मारता येतात, हाही एक प्रश्न. आमच्या धाकट्या काकूंनी (काकू, रागावू नका) आयुष्यात खेळ म्हणून काही केलं असेल तर ती मंगळागौरीची फुगडी. त्यांची टाच ठणठणीत बरी झाली तरी त्या ६० च्या पुढे जाणं अवघड. म्हणजे उपचार लागू पडला आणि कागदावर बाई आजारीच! बैठ्या लोकांसाठी वेगळी आवृत्ती निघाली, पण बऱ्याच वर्षांनी.

म्हणून माझं मत असं, की समान माप हवंच, त्याशिवाय हजारो पेशंटांनी चाचण्यांना दिलेला वेळ वाया जातो. पण काय मोजायचं हे ठरलं, तरी कशाने मोजायचं हा प्रश्न उरतोच, आणि तिथे आपल्याकडची माणसं दिसायला हवीत. उकिडवं बसता येतं का? मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चढणारी कोळीण, दिवसभर चौकात उभा असणारा ट्रॅफिक पोलीस, यांना 'तुम्ही सध्या कोणता खेळ खेळता?' विचारून काय हाती लागणार? प्रश्नावली नुसती मराठीत आणून हे भागत नाही.

प्रत्येक देशाने आपापले प्रश्न घुसवले तर पुन्हा शेर-पायलीचा गोंधळ होईल, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर माझं म्हणणं, ते नऊ मुद्दे सगळीकडे तेच ठेवा, आपले दोन प्रश्न खाली वेगळे जोडा, त्यांचे गुण त्यात मिसळू नका. इतकं काही अवघड नाही ते.

असो. तुमच्यात कुणी फिजिओथेरपिस्ट असेल, तर पहिल्या दिवशी पेशंटला काय विचारता, जरूर कळवा. आणि काकू, संध्याकाळी फोन करतो.