कोड आयता, दुरुस्ती कोणाकडे?
चार प्रश्नांची उत्तरं द्या आणि जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कवरचं अख्खं वेब अ‍ॅप्लिकेशन लॉगिनसकट तयार! ‘जेहिप्स्टर’ हे टूल नेमकं हेच करतं. वेळ वाचतो, यात वाद नाही. पण २०१९मध्ये त्यात त्रुटी सापडली. पासवर्ड रीसेटसाठी तयार होणारा ‘रँडम’ कोड हॅकरला आधीच काढता येण्याजोगा होता. म्हणजे दुसऱ्याचं खातं थेट ताब्यात. ६.३.० आवृत्तीत दुरुस्ती झाली, पण टूलमध्ये. आधी जनरेट झालेला कोड जिथल्या तिथेच राहिला, कारण प्रोजेक्टमध्ये आल्यावर तो डेव्हलपरचाच. निदान लॉगिनच्या फाइल तरी त्यानं वाचायला नकोत का? गिटहबवरच्या हजारो प्रोजेक्टना एका सुरक्षा संशोधकानं दुरुस्ती पाठवली. कंपन्यांच्या खासगी कोडपर्यंत मात्र ती पोचणार नव्हती.