आषाढात लावले, आश्विनात काय?

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की पुण्यातील हजारो घरांत एकच प्रश्न उभा राहतो : आता सुटीभर या मुलांना गुंतवावयाचे कशात? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर आजोळ देत असे. आता अनेकांचे आजोळ याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातव्या मजल्यावर असते. मग शिबिरांचा शोध सुरू होतो. हस्ताक्षर, बुद्धिबळ, यंत्रमानव, व्यक्तिमत्त्वविकास असे काही तरी शुल्क भरून मिळते, आणि उरलेला वेळ मॉल व मोबाइल आपसांत वाटून घेतात. यांपैकी कशालाही आमचा विरोध नाही. मात्र ‘गुंतवणे’ हा शब्द आम्हांला खटकतो. पैसा रोख्यांत गुंतवावा. दहा वर्षांच्या मुलाला काम द्यावे, आणि काम असे की जे त्याने केले नाही तर खरोखरच व्हावयाचे राहून जाईल.

असे काम, तेही आई-वडील, आजी-आजोबा आणि मुले यांनी मिळून करण्याजोगे, या ऋतूत या शहराच्या ऐन मध्यभागी पडून आहे. त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच आज ही जागा आम्ही नेहमीच्या राजकारणाकडून काढून घेतली आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस बहुधा पुण्याचा निरोप घेतो. मंडईत शेवंतीचे ढीग दिसू लागतात, दारच्या पारिजातकाखाली सकाळी सडा पडतो, आणि वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजई येथील गुडघाभर गवत हिरव्याचे पिवळे होऊ लागते. पहाटे फिरावयास जाणाऱ्यांना हे दिवस फार सुखाचे. तथापि टेकडीवरील एका रहिवाशाचे हाल नेमके याच दिवसांत सुरू होतात. आषाढात मोठ्या थाटाने लावलेले ते रोप होय.

1950 साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली आणि जुलैचा पहिला आठवडा झाडांचा झाला. प्रथा उत्तम आहे. त्या आठवड्यात शाळा जातात, बँका जातात, कंपन्यांचे अधिकारी एकसारख्या टोप्या घालून जातात, नगरसेवक तर जातातच. एका रोपाला दहा हात लागतात आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याचे छायाचित्र छापतो. ऑक्टोबरमध्ये त्याच रोपापाशी कोणी उभे असल्याचे छायाचित्र आमच्या कार्यालयात कधी आल्याचे आम्हांला स्मरत नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही ते कधी मागितले नाही.

आमच्या टेकड्यांची घडणच अशी आहे की लावणाऱ्याने पाठ फिरविली की रोप निराधार होते. वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. पावसाचे पाणी उतारावरून निघून जाते, आणि आश्विनापासून पुढच्या ज्येष्ठापर्यंत सुमारे आठ महिने आकाशातून फारसे काही मिळत नाही. या काळात मुळांनी खडकातील भेग गाठली तर झाड जगते. एरवी फाल्गुनात तेथे एक काटकी उरते. पहिले दोन-तीन उन्हाळे काढले की बहुतेक झाडांना मनुष्याची गरज उरत नाही. तोपर्यंत मात्र कोणी तरी लागते.

काय करावे लागते? फार नाही. रोपाभोवती हातभर जागेतील गवत कापावे, माती हलवून आळे करावे आणि उताराच्या बाजूला त्याची कड थोडी उंच ठेवावी. कापलेले गवत बुंध्याला न चिकटविता आळ्यात पसरावे, म्हणजे ओल टिकते. ते वाऱ्याने उडू नये म्हणून वर दोन दगड ठेवावेत. भोवतीचे गवत कापण्याचा आणखी एक लाभ असा की पुढे माघ-फाल्गुनात कोणाच्या विडीने वणवा लागलाच तर आग रोपापर्यंत सहजासहजी पोहोचत नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा पाणी. टेकडीच्या उतारावर नळ नसतो, म्हणून ते घरून न्यावे लागते. जेथे जावयाचे ती जागा वनखात्याच्या हद्दीत असेल तर तेथील कर्मचाऱ्यांस आधी विचारून घ्यावे. नको तेथे खणणे आणि नको ते लावणे यांनीही टेकडीचे नुकसान होते.

आता या कामाकडे कुटुंबाच्या दृष्टीने पाहावे. पाच वर्षांची मुलगी अर्ध्या लिटरची बाटली नेऊ शकते. तिचा दहा वर्षांचा भाऊ पट्टीने रोपाची उंची मोजून वहीत लिहू शकतो. आईने विळा धरावा की वडिलांनी, हा प्रश्न त्या त्या घराने सोडवावा. आजोबांचे गुडघे फार वर जाऊ देत नसतील तर पायथ्याजवळचे रोप निवडावे. पळस कोणता, बहावा कोणता, शिवण कोणती हे त्या घरात बहुधा त्यांनाच ठाऊक असते. आपटा ओळखता येणे तर या महिन्यात विशेष अगत्याचे आहे. दसऱ्याला त्याच्या नावाने कांचनाच्याही फांद्या ओरबाडल्या जातात, आणि दुसऱ्या दिवशी ते ‘सोने’ रस्त्यावर लोळते. ज्या मुलाने वर्षभर एका आपट्याला पाणी घातले आहे, त्याला ही लूट वेगळ्या डोळ्यांनी दिसेल.

आमची सूचना साधी आहे. कोजागिरी ते त्रिपुरी पौर्णिमा हा बरोबर एक चांद्रमास. त्यात रविवार निदान चार येतात. एका कुटुंबाने, किंबहुना एकाच जिन्यावरील दोन-तीन कुटुंबांनी मिळून, दुसऱ्या कोणी तरी लावलेली पाच रोपे पत्करावी आणि या चार रविवारी सकाळी तेथे जावे. महिनाच का, असे कोणी विचारील. एका दिवसाची सेवा ही सहल असते. तिच्यात मुलांना मौज वाटते, पण आपल्यावाचून काही अडते हे कळत नाही. दुसऱ्या रविवारी पान कोमेजलेले दिसते, तिसऱ्या रविवारी त्याच्या शेजारी नवा कोंब दिसतो किंवा दिसत नाही, आणि तेथून पुढे मुलगाच आई-वडिलांना उठवू लागतो. आम्ही काही वर्षे शिक्षकाचा व्यवसाय केला आहे. मुलांच्या बाबतीत आमचे पुष्कळ अंदाज चुकले. हा चुकला नाही.

त्याच व्यवसायातील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे, कारण सुटीतील ‘सेवे’चा जो प्रकार आज सर्वांत लोकप्रिय आहे त्याच्याशी त्याचा संबंध आहे. एका दिवाळीत आम्ही आमचा वर्ग घेऊन एका बालकाश्रमात फराळ वाटावयास गेलो. आमची मुले नव्या कपड्यांत होती. आश्रमातील मुलांना रांगेने बसविले होते. त्यांनी आमच्यासाठी स्वागतगीत म्हटले आणि हात जोडून आभार मानले. सर्व काही यथासांग पार पडले. परतताना आमच्या वर्गातील एका मुलाने विचारले, “सर, ते आपल्याला घाबरले होते का?” आम्ही त्यास काही तरी थातुरमातुर उत्तर दिले. त्या रांगेत आमच्याच मुलांच्या वयाची मुले होती, आणि आम्ही त्यांच्याकडून पाव किलो चिवड्याच्या मोबदल्यात गाणे म्हणवून घेतले होते, हे ध्यानात यावयास आम्हांला बरीच वर्षे लागली. पुढच्या दिवाळीत आम्ही फराळ नेला नाही, बॅट आणि चेंडू नेला. दोन्हीकडची मुले मिसळून दोन संघ केले. कोण हरले ते आता आठवत नाही. भांडणे मात्र भरपूर झाली, आणि कोणीही कोणाचे आभार मानले नाहीत.

देण्याघेण्याचा बरा रिवाज या शहराला ठाऊक नाही असे नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेसाठी ते स्वतः दारोदार फिरून अगदी लहानसहान वर्गण्या गोळा करीत. त्या संस्थेची भाऊबीज निधीची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आली आहे. दिवाळीच्या सुमारास एखादी बाई पावतीपुस्तक घेऊन दारात येते आणि शिकणाऱ्या बहिणींसाठी ओवाळणी मागते. येथे दाता हा उपकारकर्ता नसतो, भाऊ असतो. अशा निधीसाठी फिरणाऱ्या आई-मावशीबरोबर एखादी दुपार मुलांनीही हिंडावे. दारे कशी उघडतात, कोण पाणी विचारतो आणि कोण दारच लावून घेतो, हे पाहणेही शिक्षणच आहे.

याउलट सेवेचे तास मोजू लागले की काय होते, तेही आपण पाहत आलो आहोत. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतील सुमारे 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिने चांगली माणसे घडविली, हे आम्ही जाणतो. पण दोन वर्षांत 240 तास भरले की प्रमाणपत्र, या हिशेबात तास भरणारेही पुष्कळ निघाले. आता तोच हिशेब शाळकरी मुलांपर्यंत आला आहे, आणि परदेशी विद्यापीठाच्या अर्जात लिहिण्यासाठी म्हणून आठवीतल्या मुलाकडून ‘समाजकार्य’ करवून घेतले जाते. पालकांनी एवढे एक करावे : टेकडीवर जाताना फोन खिशातच ठेवावा.

ज्यांना टेकडी दूर आहे किंवा प्रकृतीमुळे अशक्य आहे, त्यांनी घरच्या दिवाळीच्या साफसफाईपासून आरंभ करावा. माळा रिकामा होतो, घर लखलखते आणि जिन्याखाली फुटक्या काचांसह अठरा धान्यांचे कडबोळे जमा होते. ते ज्या बायका हातांनी निवडतात, त्यांची 1993 साली या शहरात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली. त्यांच्यासाठी काच कागदात गुंडाळून वेगळी ठेवणे आणि जुने कपडे धुऊन घडी घालून देणे, हे काम सात वर्षांचे मूलही करू शकते. कचरा घेणाऱ्या बाईचे नाव त्याला ठाऊक असले तर अधिक बरे.

यावर एक आक्षेप निश्चित येईल, आणि तो वावगा नाही. आम्ही कर भरतो. झाडे जगविणे हे महानगरपालिकेचे आणि वनखात्याचे काम. ते आमच्या मुलांनी का करावे? उद्या मुळा-मुठेतील मैलापाणीही मुलांना उपसावयास सांगाल! नाही सांगणार. नदीतील मैलापाण्याला प्रक्रिया-केंद्रेच पाहिजेत, तेथे स्वयंसेवकांच्या हातमोज्यांचा काही उपयोग नाही, आणि नदीकाठी मुलांना नेऊन तसा देखावा करणे आम्हांस घातक वाटते, कारण त्यातून आपले काम झाले असा सर्वांचाच समज होतो. सेवेच्या नावाखाली अधिकाऱ्यांना मोकळे सोडावे असे आम्ही कधीच म्हटले नाही. याच स्तंभातून त्यांना आम्ही पुरेसे टोचले आहे. परंतु लावलेल्या रोपांपैकी जगली किती, हा प्रश्न पालिकेस विचारावयाचा तर कोणी तरी ती मोजलेली असली पाहिजेत. पाच रोपांची उंची लिहिलेली एका मुलाची वही, अशा पाचशे वह्या, वार्डाच्या कार्यालयात टेबलावर ठेवल्या तर त्यांना उत्तर देणे आमच्या अग्रलेखास उत्तर देण्याइतके सोपे जाणार नाही.

संकटात हे शहर धावते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले तेव्हा आमच्या वडीलधाऱ्या पिढीने ते दाखविले, आणि 2020 च्या महासाथीत डबे पोहोचविणाऱ्या तरुणांत आम्ही ते प्रत्यक्ष पाहिले. संकट नसताना आठवड्यातून एकदा, तेच काम पुन्हा करावयास जाणे आम्हांला अवघड जाते. हातात दोन बाटल्या घेऊन वर्षानुवर्षे टेकडी चढणारे जे थोडे लोक आहेत, त्यांतील बरेचसे आता सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्या बाटल्या पुढे कोण उचलणार, एवढाच खरे तर आजचा प्रश्न आहे.

जाता जाता किल्ल्याविषयी. दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची पुण्याची हौस अजून टिकून आहे, याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांपैकी शिवनेरी, राजगड आणि लोहगड हे आपल्याच जिल्ह्यातले, आणि या वर्षांत अंगणोअंगणी त्यांचीच प्रतिकृती दिसली तर नवल नाही. बाजारात प्लास्टरचे तयार किल्लेही मिळू लागले आहेत. ते घेऊ नयेत. दगड, विटा, पोते आणि माती यांचाच किल्ला करावा, त्यावर अळीव आणि मोहरी पेरावी, बुरूज ढासळला तर मुलांनाच तो पुन्हा बांधू द्यावा. तुळशीचे लग्न झाले की हा किल्ला मोडतो आणि त्याची माती बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेला जाऊन पडते. या वर्षी ती लहान लहान पिशव्यांत भरावी. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराच्या रविवारी, सकाळी सातच्या आत, पाण्याच्या बाटल्यांबरोबर त्या पिशव्याही टेकडीवर न्याव्या आणि मोहरीच्या मुळांसकट ती माती रोपांच्या आळ्यांत टाकावी. ज्याने जो बुरूज बांधला असेल, त्याची पिशवी त्याने उचलावी.