वही-लेखणीच्या आधी

बेबी हालदार यांचे ‘आलो आंधारि’ हे आत्मकथन आता आपल्या अभ्यासक्षेत्रात परिचित आहे. नवऱ्याच्या छळाला कंटाळून तीन मुलांसह घर सोडलेली ही स्त्री गुरगावात प्रबोध कुमार या मानववंशशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांकडे घरकाम करू लागली. पुस्तकांवरील धूळ झटकताना ती रेंगाळते हे त्यांनी हेरले व तिच्या हाती वही-लेखणी दिली. मूळ बंगाली लेखनाचा त्यांनीच केलेला हिंदी अनुवाद २००२ साली प्रसिद्ध झाला. या वही-लेखणीचे कौतुक पुष्कळ झाले. मात्र निवारा गमावलेल्या त्या मायलेकरांना याच मालकाने आपल्या घरी जागा दिली, ही गोष्ट केवळ तपशील म्हणून मागे पडते. वास्तविक तीच अग्रक्रमाची होय. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबी कांबळे यांना आपले लेखन वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवावे लागले, हे येथे आठवावे.

अड्यारमध्ये हा विचार अधिकच जाणवतो. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९३० साली सुरू केलेले अव्वै होम येथे आहे. आश्रय व शिक्षण ही एकाच कार्याची दोन अंगे होत, हे त्या संस्थेने ओळखले. परंतु इतरत्र होते तेच येथील घरांतही होते: कामाला येणाऱ्या बाईच्या दंडावर वळ दिसला, तर तो ‘त्यांचा घरगुती प्रश्न’ ठरतो, आणि खाड्याचे पैसे मात्र कापले जातात.

कायदा इतका अलिप्त नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यानुसार कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास माहिती देऊ शकते, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दायित्व येत नाही. न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून पीडित कर्मचाऱ्यास वर्षाला १० दिवसांची पगारी रजा मिळते. आपल्याकडे मालकाने निदान एवढे करावे: दवाखाना, पोलीस चौकी वा न्यायालय यांत गेलेल्या दिवसांचा पगार कापू नये; तो तिच्याच हाती द्यावा; ऐकलेले गुप्त राखावे; आणि तिच्या संमतीवाचून पाऊल उचलू नये, अन्यथा सहानुभूतीचीच नवी मालकी होते.

विद्यापीठेही मालकच आहेत, आणि आपणही आपापल्या घरी. पीडितेचे आत्मकथन अभ्यासक्रमात लावणाऱ्या विभागाने आपली खोली झाडणाऱ्या बाईचा खाडा कसा मांडला जातो, हेही एकदा पाहावे.