वेळ कोणाच्या नावे?

‘इच्छा असली की वेळ निघतो’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा नोकरदार परीक्षार्थी शोधूनही सापडणार नाही. वडीलधारी माणसे ते सांगतात, कचेरीतले साहेब सांगतात, आणि जे स्वतः नोकरी सांभाळून कधी परीक्षेला बसले नाहीत, ते तर हमखास सांगतात. याच महाविद्यालयातून बी. कॉम. होऊन मी एका बँकेत कारकून म्हणून लागलो आणि वर्षभरात ‘जेएआयआयबी’च्या मागे लागलो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, वेळ ‘निघत’ नसतो. तो कोणाकडून तरी घ्यावा लागतो. तो कोणाकडून घेतला, याची जाण परीक्षार्थ्याने ठेवावी.

ज्यांना ही परीक्षा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1928 साली स्थापन झालेली बँक-व्यावसायिकांची संस्था, म्हणजे आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स, ही परीक्षा घेते. बँकेत वा वित्तसंस्थेत नोकरीस असणाऱ्यालाच तिला बसता येते. म्हणजे ज्याच्यापाशी रिकामा वेळ आहे त्याच्यासाठी ती मुळी नाहीच! विषय 4, प्रत्येकी 100 गुण, उत्तीर्ण होण्यास 50. एखादा विषय सुटला तर तो ठरावीक मुदतीपर्यंत सुटलेला राहतो. पदरात पडते ती वेतनवाढ, आणि पुढच्या परीक्षेची वाट मोकळी होते.

पहिल्या खेपेस मी वेळ झोपेकडून घेतला. काउंटर चारला बंद होत असले तरी रोकड जुळवून, कागद आवरून बाहेर पडायला साडेसहा-सात होत. शहापुरातल्या आमच्या गल्लीत मागांची खडखड रात्रीपर्यंत चालते. ती थांबल्यावर, दहाच्या पुढे, मी पुस्तक उघडी. बाराला दिवा घालवताना दोन तास अभ्यास केल्याचे समाधान असे. प्रत्यक्षात त्यातला दीड तास मी एकाच पानावर डुलक्या घेत असे. आणि दुसऱ्या दिवशी नोटा मोजताना हात चुके. निकाल लागला तेव्हा एक विषय सुटला होता, तीन राहिले होते. झोपेचे कर्ज व्याजासकट फिटते ते असे.

दुसऱ्या खेपेस शहाणपणा सुचला. पहाटे पाच ते सहा असा एकच तास ठरवला. डोके ताजे, गल्ली शांत. पाने भराभर उलटू लागली. आपल्याला युक्ती सापडली असे वाटून मी बँकेत चार जणांना उपदेशही करू लागलो. आठवडाभराने एका पहाटे मागच्या दारी घागरींचा आवाज आला म्हणून उठून पाहिले, तर वहिनी एकटी पाणी भरत होती. नळाला पाणी येण्याच्या दिवशी ते भरण्याचे काम घरात माझे होते. मी ते सोडल्याचे कोणाला सांगितले नव्हते आणि वहिनीने ते उचलल्याचेही मला कोणी सांगितले नव्हते. वहिनी डी. एड. झालेली, दिवसभर एका खासगी शाळेत शिकवते, संध्याकाळी स्वयंपाक करते. शिक्षक पात्रता परीक्षेचे तिचे पुस्तक फडताळात डब्यांमागे पडून होते.

त्याच दिवसांत माझा हिशेबाच्या विषयाचा अभ्यास चालला होता. दुनोंदी पद्धतीचा पहिला नियम असा की, एका खात्यात जमा झालेली रक्कम दुसऱ्या कोणत्या तरी खात्याच्या नावे पडलीच पाहिजे. तो नियम मी शाळेपासून घोकत आलो होतो. पण माझा पहाटेचा तास कोणाच्या नावे पडला आहे, हे मात्र त्या सकाळी कळले.

यावर कोणी म्हणेल, मग परीक्षा द्यायचीच नाही काय? द्यायची, पण हिशेब करून. चार महिन्यांत आठवड्याचे पाच दिवस रोज एक तास धरला तर 80 तास होतात. 2015 च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा व चौथा शनिवार सुटी असते. त्या आठ शनिवारी तीन-तीन तास, म्हणजे 24. एकूण 104 तास, विषयामागे 26. एवढ्यात उत्तीर्ण होता येते, आणि रविवार पूर्णपणे घरासाठी उरतो. पाणी येण्याच्या दिवशी तास रात्री जेवणाआधी सरकवायचा आणि तो सरकवला हे घरात उघडपणे सांगायचे. मागून घेतलेल्या वेळेचे ओझे होत नाही. न सांगता घेतलेल्या वेळेचे होते.

काही वेळ कोणाच्याच नावे न पडता मिळतो, हेही सांगितले पाहिजे. बँकेतला माझा सोबती गोकाककडचा, कन्नड माध्यमातून शिकलेला. जेवणाच्या सुटीत पंधरा मिनिटे आम्ही एकमेकांना प्रश्न विचारत असू. परीक्षा इंग्रजीतून, समजूत मात्र आपापल्या भाषेत! त्याचे ‘साल’ म्हणजे कर्ज आणि माझे ‘साल’ म्हणजे वर्ष, त्यामुळे सालाचे साल फिटेना अशी आमची गंमत चाले. परंतु त्या पंधरा मिनिटांत जे डोक्यात बसले ते आजवर विसरलेलो नाही.

शेवटी प्राध्यापकवर्गास एक विनंती. दिवसभर काम करणारे माजी विद्यार्थी मोकळे होतात त्या वेळी ग्रंथालयाला कुलूप लागलेले असते. आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनकक्ष आठपर्यंत उघडा ठेवला, तर मागांच्या आवाजात किंवा एका खोलीत पाच माणसांत बसून वाचणाऱ्यांची मोठीच सोय होईल. आम्ही वर्गणी देऊ, दिवे घालवून कुलूपही लावू.

दुसऱ्या खेपेस माझे उरलेले तिन्ही विषय सुटले. पेढे आले, आईने देवापुढे ठेवले. वहिनीने फडताळातून आपले पुस्तक काढून त्यावरची धूळ पुसली आणि विचारले, “भाऊजी, आता पाणी कोण भरणार?”

सध्या पाणी मी भरतो.