जनुकावर मालकी कशाची?



जनुकांचे पेटंट नाकारल्याने संशोधन खुंटते, हे आपल्या अंकातील लेखाचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-१ जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे संशोधक मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले, तेव्हा त्यावर पुढे पेटंट घेणारी मिरियड कंपनी जन्मलीही नव्हती. कंपनीने पुढे त्याचा क्रम उलगडला, पण जनुक घडवले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी एकमताने हेच सांगत नैसर्गिक जनुकावरील पेटंट अमान्य केले. मात्र लेखात म्हटले आहे तशी जैवतंत्रज्ञानाची सगळीच पेटंटे त्याने मोडीत काढली नाहीत. प्रयोगशाळेत तयार केलेल्या डीएनएच्या प्रतीला (सीडीएनए) संरक्षण कायम ठेवले.

मग संशोधनाचा खर्च कसा भरून निघणार? नव्या औषधाचे, नव्या चाचणीपद्धतीचे पेटंट घ्यावे. त्याला कोणाचीच ना नाही. मिरियडच्या मक्तेदारीच्या काळात या जनुकाची चाचणी तीन हजार डॉलरच्या वर गेली होती आणि तिचा निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळून घेणे दुरापास्त होते. न्यायालयाचा निर्णय आला त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी आपल्या चाचण्या जाहीर केल्या. भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३ निसर्गात आढळणाऱ्या पदार्थाच्या नुसत्या शोधाला पेटंट देत नाही. ही तरतूद सैल करण्याची लेखातील सूचना रुग्णांच्या मुळावर येणारी आहे; ती फेटाळलीच पाहिजे.

– एक वाचक, पुणे