मोरीखालचा गंज

घराला रंग द्यायचा म्हटले की सगळे उत्साहाने बोलतात. मोरीखालचा पाइप बदलायचा म्हटले की सगळे गप्प. जे दिसत नाही त्यावर खर्च करायला मन धजत नाही. पण आपल्या आष्ट्यातल्या जुन्या घरांत फरशीखाली अजून बिडाचे किंवा जीआयचे पाइप सापडतात, आणि त्यांचे दिवस भरत आले आहेत.

गंज आतून लागतो. जीआय पाइपवर जस्ताचा पातळ थर असतो. खरकटे, साबण आणि मोरी धुण्याचे ॲसिड तो खाऊन टाकतात, मग लोखंड उघडे पडते. साचलेल्या घाणीतून गंधकाचा वायू निघतो, ओल्या पाइपच्या वरच्या बाजूला त्याचे आम्ल बनते. त्यात आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुने जोड त्या ताणाने निखळतात.

आमच्या घरी अम्मींच्या लक्षात आधी आले. वजूचे पाणी मोरीतून उतरायला वेळ लागू लागला, भिंतीच्या पायाला लोणा आला, रात्री झुरळे दिसू लागली. अब्बा म्हणाले, "लोखंड आहे ते, तुमच्या पोरांनाही पुरेल." तेव्हा भाभींनी हळूच विचारले, "अब्बा, पिण्याचा नळही त्याच चरातून जातो ना?" पुढे वाद झालाच नाही.

भाभींचा प्रश्न प्रत्येक जुन्या घराला लागू आहे. नळाला पाणी सुटलेले नसते तेव्हा त्या पाइपात दाब नसतो. पिण्याच्या पाइपला बारीक भोक असेल आणि शेजारी सांडपाणी झिरपत असेल, तर घाण आत ओढली जाते. कावीळ, जुलाब घरात येतात ते असे. म्हणून काम काढाल तेव्हा दोन्ही पाइप वेगळ्या चरांतून न्या. ते जमत नसेल तर पिण्याचा पाइप वर आणि बाजूला ठेवा.

नवा पाइप पीव्हीसीचा घेताना त्यावर आयएस १३५९२ हा आकडा आणि 'बी' प्रकार छापलेला पाहा; 'ए' प्रकार पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी असतो. संडासाला ११० मि.मी., मोरीला ७५ मि.मी. चालतो. उतार दर चार फुटांना सुमारे एक इंच द्या. पाइप जिथे वळतो तिथे चेंबर हवा. नहाणी ट्रॅप वगळून पैसे वाचवू नका. त्यात थांबलेले दोन इंच पाणीच दुर्गंधी आणि झुरळे अडवते. पाणी अडवून वास रोखणाऱ्या अशा वाकड्या नळीचे पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने घेतले होते. उन्हात राहणाऱ्या पाइपला रंग द्या, नाहीतर तो ठिसूळ होतो.

चर बुजवण्याची घाई करू नका. खालचे तोंड बंद करून पाइप पाण्याने भरा आणि काही वेळ थांबा. पातळी उतरली तर जोड गळतो आहे. फरशी बसल्यावर हे कळून उपयोग नाही.

शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी उपसायची असेल तर कोणालाही आत उतरवू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि संरक्षक साधनांशिवाय असे काम करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा करणारी गाडी बोलवा. चार पैसे वाचवण्यासाठी कोणाच्या घरचा कमावता हात धोक्यात घालू नये.

सामाईक भिंत असेल तर काम सुरू करण्याआधी शेजाऱ्यांना सांगा. आपला झिरपणारा पाइप त्यांच्या पायातही ओल घालत असतो. शेजाऱ्याचा हक्क इथेही आहे.

आणि शेवटचे: चर उघडा असताना फोटो काढा. भिंतीपासून पाइप किती फुटांवर आहे, किती खोल आहे, हे कागदावर लिहा आणि तो कागद घराच्या उताऱ्याबरोबर ठेवा. पुढच्या पिढीला अख्खी फरशी फोडावी लागणार नाही.